हातभट्टीचे खेळ

इंग्रजी भाषेने मध्यमवर्गीय माणसाच्या अब्रूचा कधीच विचार केलेला नाही. घरी बसून, कुणाचा एक पैसा न घेता, निव्वळ हौसेखातर जे व्हिडिओ गेम लिहिले जातात त्यांना त्या भाषेत 'होमब्रू' म्हणतात. म्हणजे शुद्ध मराठीत हातभट्टीची! तेव्हा निवृत्तीनंतर वेळ कसा घालवता, असे चारचौघांत कुणी विचारले की मी 'वाचन' म्हणून मोकळा होतो.

वस्तुस्थिती अशी की, पुतण्याने टाकून दिलेले निन्टेन्डो डीएस नावाचे यंत्र सध्या माझ्या उशाशी असते. चष्म्याच्या डबीसारखे उघडते. आत दोन पडदे. खालच्या पडद्यावर काडीने टोचले की वरच्यावर हालचाल होते. (सरकारी कचेरीत उभी हयात गेल्यामुळे, खाली टोचल्यावर वर हालचाल होते, याचेच मला पहिले आठ दिवस अप्रूप होते.) हे यंत्र २००४ साली बाजारात आले, पंधरा कोटींहून जास्त खपले आणि आता त्याचे उत्पादनही बंद झाले. कंपनी त्याला विसरली. हातभट्टीवाले मात्र विसरले नाहीत.

यांचे खेळ यंत्रात घालायचे तर फ्लॅश कार्ड लागते. दिसायला नेहमीची कॅसेट. तिच्या पोटात मोबाइलमधले नखाएवढे मेमरी कार्ड. कंप्युटरवरून खेळ त्यात भरायचा आणि कॅसेट खाचेत सारायची. यंत्राला वाटते, आपल्याच माहेरचे माणूस आले. निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या गेम बॉयमध्ये तर गंमतच होती. कॅसेटमध्ये कंपनीच्या नावाचे चित्र आहे की नाही, हे ते यंत्र आधी स्वतःजवळच्या चित्राशी ताडून बघे. जुळले नाही तर जागच्या जागी गोठून जाई. त्यामुळे हातभट्टीवाल्यालाही आपल्या खेळाच्या कपाळी कंपनीचे नाव लिहावेच लागते. आमच्या सोसायटीचा वॉचमनही असाच. सेक्रेटरीसाहेबांचे नाव घ्या, हत्तीसुद्धा आत सोडील.

"फुकट मिळतात? म्हणजे चोरीचे असणार!" आमच्या सौ. म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या काकांनी त्यावर नुसत्या भुवया उंचावल्या. पस्तीस वर्षे ऑफिसची एक पेन्सिल घरी न आणलेल्या माणसाला हे लागते हो! पण दोघांचा काय दोष? त्याच कार्डात दुकानातले विकतचे खेळही चोरून भरता येतात, आणि बहुतेकांनी तोच उद्योग केला. शेवटी २००८ साली निन्टेन्डो आणि आणखी चोपन्न कंपन्या टोकियोच्या न्यायालयात गेल्या, आणि २००९ च्या फेब्रुवारीत 'आर४' जातीच्या कार्डांच्या विक्रीवर जपानात बंदी आली. १८८९ साली क्योटोत पत्त्यांचे कॅट विकून धंद्याला लागलेल्या कंपनीने एका पत्त्यापायीच कोर्टाची पायरी चढावी, हा योग म्हणायचा. कंपनीचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण चोर ज्या बोळातून पळतो, त्याच बोळात भजनी मंडळही राहते, हे कुणी तरी न्यायालयाला सांगायला हवे होते.

अस्सल आर४ गेले आणि त्याच नावाच्या नकलांचा सुळसुळाट झाला. चोराघरी मोर म्हणतात तो असा. यांतल्या काही नकली कार्डांत अशी खुट्टी मारलेली असते, की ठराविक तारीख उलटली की कार्ड मुके होते. का, तर तुम्ही नवीन घ्यावे म्हणून! त्यावर उतारा एकच, यंत्राचे घड्याळ मागे न्यायचे. माझ्या यंत्रात त्यामुळे अजून २०१२ साल चालू आहे. गुडघे तेव्हा बरे होते. मी तिथे सुखात असतो.

प्रत्येक कार्डाची आतली भाषा निराळी, हे आणखी एक दुखणे. एका कार्डावर चालणारा खेळ दुसऱ्यावर टाकावा, तर दोन्ही पडदे धुतलेल्या धोतरासारखे पांढरे शुभ्र! यावरही एका हौशी माणसानेच 'डीएलडीआय' नावाचा दुभाषा लिहिला, कार्डागणिक बदलता येणारा. तोही फुकट वाटला.

आणि 'कलर्स!' बघा. जेन्स अँडरसन यांनी २००७ साली या यंत्रासाठी केलेला चित्रे काढण्याचा हा कार्यक्रम. काडी दाबली की रेघ जाड, हात हलका सोडला की बारीक. पुढे २०१२ साली याच हातभट्टीची 'कलर्स! थ्रीडी' ही आवृत्ती निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या यंत्राच्या अधिकृत दुकानात रीतसर पैसे घेऊन विकली गेली. २७ मार्च २०२३ ला त्या दुकानातली विक्रीच बंद झाली. म्हणजे परवान्याचे दुकान बंद, आणि डीएससाठी घरोघरी गाळणारी मंडळी अजून हजर!

चोरीचा माल म्हणणाऱ्या आमच्या सौ. हल्ली दुपारी त्यावर रांगोळ्या काढतात. यंत्र मला मिळते ते त्यांचा डोळा लागल्यावर. परवा पुतण्या आला तेव्हा त्यांनी त्याला सरळच विचारले,

"अरे, त्यांची वाटी आपण रिकामी कशी परत करायची? काही तरी पाठवायला नको का?"

"काकू, यातल्या बऱ्याच जणांना पैसे नकोच असतात. वापरून बघा आणि काही चुकत असेल तर कळवा, एवढंच म्हणतात."

"चुका काढायच्या?" माझ्याकडे पाहत सौ. म्हणाल्या, "अगोबाई, तेवढंच ना? कागद आण."