गच्चीला चुना

गेल्या वर्षी मे महिन्याचं बिल ४१२ युनिटचं आलं. घरात एसी नाही. बायकोने ते फ्रिजवर चिकटवलं आणि म्हणाली, "याची बातमी करा."

बातमी काय करणार? भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ही काही बातमी नाही. पण त्या रात्री एक वाजता लाइट गेली, आई उठून बसली, मी माळ्यावर बॅटरी शोधताना हात छताला लागला. स्लॅब रात्री एक वाजता गरम! दिवसभर पिलेलं ऊन तो रात्रभर आमच्या अंगावर ओकत होता, आणि पंखा तीच हवा खाली ढकलत होता.

आई म्हणाली, "धाब्याच्या घरात असं नव्हतं." खरंय. खान्देशातली ती मातीच्या छताची घरं आपणच पाडली आणि स्लॅब टाकले. गळायची, म्हणून पाडली; त्याचं दुःख नाही.

यंदा मार्चमध्ये गच्ची झाडून घेतली, चुना रात्रभर भिजवला, त्यात फेविकॉल टाकून दोन हात मारले. शेजारचे काका म्हणाले, "तुम्ही पत्रकार लोकांना चुना लावता, गच्चीला कशाला?" पांढरी गच्ची ऊन परत फेकते, इतकंच. पावसात धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो.

दुसरं, पंखे. जुना पंखा ७५ वॅट खातो. दिवसाला १८ तास धरा, महिन्याला ४० युनिट एकट्याचे! बीएलडीसी पंखा ३० वॅटमध्ये तेवढीच हवा देतो, म्हणजे १६ युनिट. महाग आहे, म्हणून दोनच बदलले. कूलरसमोरची खिडकी मात्र फुकटात उघडली. ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसतं घर चिकट करतो.

या मे महिन्यात ३२१ युनिट. अजून तीनशेच्या वर आहे, पण शंभरानंतर दर साधारण दुप्पट होतो आणि तीनशेनंतर आणखी चढतो, हे लक्षात घ्या. वाचतात ते सगळे महाग युनिट.

आता खरी गोष्ट. आमच्या मागे पत्र्याच्या चार खोल्या आहेत, भाडेकरूंच्या. एका खोलीचा वापर जेमतेम ८० युनिट. पण मीटर एकच, मालकाच्या नावावर. चौघांची बेरीज तीनशेच्या पुढे जाते आणि स्वस्त युनिट प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येतात. सबमीटरवर मालक सांगेल तो दर. त्यात दुपारी पत्र्याखाली बाळ झोपवायचं. छत त्यांचं नाही, म्हणून रंगही लावता येत नाही.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी केली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. आपल्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीत छत हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलाय का? मी तरी नाही.

मालकाला फोन केला. म्हणाले, "पत्रा माझा, खर्च तुमचा." चालेल म्हटलं. पत्र्यावर चुना टिकत नाही, ऊन परतवणारा पांढरा रंग लागतो. रविवारी सकाळी सातला सुरू करतोय, नऊनंतर पत्र्यावर पाय ठेववत नाही. ब्रश दोन आहेत. शिडी कुणाकडे असेल तर सांगा.