खात्यातली बोली

काकांकडे टीव्ही इतका मोठ्याने लागतो की जिन्यातच संवाद ऐकू येतात. दिवा पूर्व, साबे गावाकडची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या रविवारी 'लालबाग परळ' चालू होता. महेश मांजरेकरांचा २०१० सालचा सिनेमा, जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरचा. १९८२च्या संपातल्या गिरणी कामगाराचं घर, तीन मुलगे, एक मुलगी, आणि आईच्या कामात सीमा बिस्वास. मी गोष्ट बघतो. काका सामान बघतात. काय आहे, काय राहिलं. राहिलेल्याची ही यादी.

गिरणीचा भोंगा. ह्याच्यावर सगळ्यांचं लिहून झालंय. पुढे.

धोटा. लांबट गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना पोलाद, पोटात सुताची कांडी. साच्यावर, म्हणजे मागावर, डावीकडून उजवीकडे आणि परत, दिवसभर. सिनेमावाल्यांना तो भंगारबाजारात मिळेलही. पण कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यायचं, तुटलेला धागा थुंकीने ओला करायचा. एकाच्या तोंडाचा धोटा पुढच्या पाळीला दुसऱ्याच्या तोंडात. ह्याच कारणावरून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घेत नसत. त्यांना त्रासन खातं, म्हणजे सूतकताई, जिथे पगार कमी. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न लावून धरला होता. लाल बावट्याखाली एकत्र चालणाऱ्यांची एकी धोट्यापाशी येऊन अडायची. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ''आमच्या टायमाक तसा काय नव्हता.'' थोड्या वेळाने म्हणाले, ''बोलत नव्हते.''

धोट्याची चव कशी असते हे विचारायचं राहून गेलं. तेल आणि खळ, बहुतेक.

बदलीचा पास. कायम नसलेल्याने रोज गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर आत. काकांनी सहा वर्षं बदलीत काढली. पास नाही, पण बोटांनी त्याचा आकार दाखवतात.

गाळ्यातली खुंटी. एका गावचे वीस-पंचवीस जण एका खोलीत, झोपायचं पाळीप्रमाणे. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्याच वळकटीच्या जागेवर रातपाळीचा आडवा. जागा स्वतःची नव्हती. खुंटी मात्र स्वतःची. पत्र्याची ट्रंकही. ट्रंक अजून आहे, तिच्यावर आता पाण्याचा ड्रम ठेवलाय, कारण दिव्यात पाण्याची वेळ धरता येत नाही.

खानावळीची वही. महिनाभर जेवायचं, पगाराला चुकतं करायचं. चालवणाऱ्या बहुतेक बायका. त्यांना सावकाराच्या तावडीतून काढायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पगार थांबला, जेवण लगेच थांबलं नाही. कितीतरी वह्यांत पुढची पानं नुसती भरत गेली. काकांच्या नावावर तीन महिने होते. ते त्यांनी फेडले, असं ते सांगतात. काकू स्वयंपाकघरातून काही बोलत नाही.

संपाची तारीख. सुरुवातीची सगळ्यांना पाठ. शेवटची नाहीच, संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मग गिरण्या गेल्या, मागोमाग जमिनी. १६ जानेवारी १९९७ला पवईत सामंतांचा खून झाला.

सिनेमा लालबाग सोडत नाही. मला ते खटकतं. जी माणसं मेली नाहीत, गँगमध्ये गेली नाहीत, ती नुसती खोली विकून ठाण्यापुढे सरकली, त्यांच्यावर कोण सिनेमा काढणार? त्यात घडतं काय? खाजण बुजवून उठलेल्या इमारती, फाटक उघडं राहिलं की खोळंबणारी लोकल. आगरी माणसाचं भाताचं शेत गेलं त्या जागी मालवणी माणसाची गेलेली खोली आली. दोघांच्याही याद्या आहेत. मला एकच ठाऊक आहे.

दादरची पॅसेंजर. रत्नागिरीची. नंतर ती दिव्याहूनच सुटू लागली. तीही सरकली.

लॉटरीची फाइल. ही हरवलेली नाही, गोदरेजच्या कपाटात आहे. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली, घरं ६,९२५, अर्ज लाखाच्या वर. पुढे घरांसाठी शेलू-वांगणीचं नाव निघालं. काका नकाशाकडे बघतात आणि बोट दिव्यावरून पुढे, कल्याणच्याही पुढे नेतात.

सिनेमा संपत आला तेव्हा वीज गेली नाही, पण आवाज गेला, केबलवाल्याची कृपा. मी रिमोट आपटत बसलो. काका पडद्याकडे बघत राहिले आणि आई काय म्हणतेय ते मला सांगू लागले. बरोबर सांगत होते. साचेखात्यात शेकडो साच्यांच्या खडखडाटात कान कामाचेच नसतात. तिथे ओठ वाचायचे आणि बोटांनी बोलायचं. बावीस वर्षांत कान गेले, ही विद्या राहिली.

संध्याकाळी मला स्टेशनवर सोडायला आले. समोरच्या फलाटावर त्यांच्या वयाचे एक गृहस्थ उभे होते, पांढरी टोपी, हातात पिशवी. काकांनी हात वर केला. मधून फास्ट लोकल धडधडत गेली, आणि डब्यांच्या फटींतून मला त्यांची बोटं दिसत होती, चालूच. गाडी गेल्यावर काका हसत होते.

''काय म्हणाले?''

''सून बाळंत झाली. मुलगी.''