लॅटिनचा मास्तर

खेळाशी माझा संबंध बेताचाच. शाळेत लंगडीच्या डावातसुद्धा मला सर्वांत शेवटी निवडीत. असा मी मराठीचा प्राध्यापक गेले दोन महिने एका अमेरिकन फुटबॉल-शिक्षकाचे चरित्र उशाशी घेऊन झोपतो आहे, हे पाहून आमच्या सौभाग्यवतींना माझ्या प्रकृतीची काळजी वाटू लागली आहे. पुस्तक धाडले अमेरिकेतल्या भाच्याने. "मामा, हा माणूस तुमच्याच धंद्यातला," एवढेच त्याने पहिल्या पानावर लिहिले होते.

आणि ते खरे निघाले. व्हिन्स लोम्बार्डी १९१३ साली ब्रुकलिनमध्ये, इटालियन कुळात जन्मला. १९३९ पासून आठ वर्षे तो न्यू जर्सीतल्या सेंट सिसिलिया शाळेत पदार्थविज्ञान, रसायन आणि चक्क लॅटिन शिकवीत होता. शाळा सुटली की फुटबॉल. हा फुटबॉल आपला नव्हे बरे का! सोललेल्या नारळासारखा चेंडू बहुतेक वेळ हातातच धरायचा आणि अकराजणांनी अकराजणांना धडका देत पुढे सरकायचे. त्यात पायाचे नाव कशाला, हे मला अजून उमगलेले नाही.

१९५९ साली तो विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या लहानशा शहराच्या पॅकर्स संघाकडे आला. आदल्या वर्षी या संघाने बारांपैकी एकच सामना जिंकला होता. १९६० साली तोच संघ अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि फिलाडेल्फियाकडून १७-१३ असा हरला. पुढच्या उन्हाळ्यात खेळाडू सरावाला जमले. हे सारे पट्टीचे, धंदेवाईक गडी. लोम्बार्डीने चेंडू हातात धरला आणि म्हणाला, "सद्गृहस्थहो, हा फुटबॉल आहे." सांगतात, की मॅक्स मॅगी नावाचा खेळाडू म्हणाला, "जरा सावकाश सर, फार भरभर चाललात!"

त्यानंतरच्या सात वर्षांत पाच अजिंक्यपदे.

ही मुळाक्षरांची गोष्ट मला फार आवडली. पण झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. लोम्बार्डी मोठा तापट. बार्ट स्टार हा त्याचा शांत, सभ्य खेळाडू. १९५६ साली संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा सतराव्या फेरीपर्यंत त्याचे नाव कुणी घेतले नव्हते. सरावात एकदा लोम्बार्डीने सर्वांदेखत त्याची खरडपट्टी काढली. स्टार नंतर त्याच्या खोलीत गेला आणि म्हणाला, चुकले तर इथे एकट्याला बोला. चारचौघांत बोललात तर मी या लोकांचे नेतृत्व कसे करू? लोम्बार्डीने ऐकले. पुन्हा कधी त्याला चारचौघांत बोलला नाही. ३१ डिसेंबर १९६७ ला, शून्याखाली पंचवीस अंशांच्या थंडीत, सामना संपायला सोळा सेकंद उरले असताना गोठलेल्या मैदानावर चेंडू स्वतः घेऊन घुसायचे ठरवले ते स्टारनेच. लोम्बार्डीने आडकाठी केली नाही. डल्लास हरले, २१-१७.

१९७० साली सत्तावन्नाव्या वर्षी लोम्बार्डी कर्करोगाने गेला. तो काही संत नव्हता. त्याची माणसे त्याला भीतही असत. पण त्याच्या खोलीत जाऊन बोलता येत होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एम.ए.च्या वर्गात एका मुलाने निबंधात 'दिर्घ' असे लिहिले होते. मी वही उंच धरून म्हणालो, "यांनी दीर्घाचाच ऱ्हस्व केला आहे!" वर्ग खदखदून हसला. मीही माझ्या विनोदावर खूश होतो. तो मुलगा माझ्या खोलीत आला नाही. पुढे वर्गातही आला नाही. तो का येत नाही, हे मी कुणाला विचारले नाही.

परवा कचेरीतून त्याचा पत्ता मिळवून पत्र लिहिले. अजून उत्तर नाही.

यंदा एम.ए.च्या पहिल्या तासाला मी फळ्यावर बाराखडी लिहिली. मुले गालातल्या गालात हसली. "सर, जरा सावकाश," असे कुणी म्हणेल म्हणून मी खडू हातात धरून थोडा वेळ थांबलो. कुणीच काही म्हणाले नाही.