मैंदर्गीचा नाताळ

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांना हिमालय, काशी, निदान कोंकणचा समुद्र तरी अपेक्षित असतो. मैंदर्गीस यांपैकीं कांहींच नाहीं. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यांतलें, अक्कलकोटाहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें लहानसें गांव. कर्नाटकाची हद्द येथून जवळच. आमच्या थोरल्या बंधूंचें घर तेथें आहे. गेल्या नाताळांत तेथें चार दिवस राहण्याचा योग आला, आणि जन्मभर दुसऱ्यांना शिकविण्यांत घालविलेला मी साठी उलटल्यावर एक धडा शिकून परत आलों. तोच येथें निवेदन करतों.

अक्कलकोटास वटवृक्षाखालीं श्रीस्वामी समर्थांचें दर्शन घेतलें. स्वामी १८७८ सालीं समाधिस्थ झाले, तरी भाविकांची दाटी अद्याप ओसरलेली नाहीं. तेथून पुढें मात्र रस्ता एकाकी होतो. दोन्हीं बाजूंस काळीभोर जमीन, तींत शाळूचीं हिरवीं ताटें, मधून मधून वाळूं लागलेली तूर. थंडी बेताची, ऊन सोनेरी. डोळ्यांना गुंतवून ठेवील असें कांहीं नसल्यामुळेंच कीं काय, मन शांत होतें.

या गांवाची खरी मौज कानांनीं घ्यावी लागते. एकाच ओट्यावर मराठी आणि कानडी अशा कांहीं मिसळून नांदतात कीं, वाक्य एका भाषेंत सुरू होऊन दुसरींत केव्हां संपलें याचा बोलणाऱ्यासहि पत्ता नसतो. कानडींत भुताला ‘देव्व’ म्हणतात. नवीन माणसाची यामुळें मोठी फसगत होते. आमच्या पुतण्याची पत्नी पुण्याची. लग्नानंतर ती प्रथम येथें आली, तेव्हां शेजारचें पोर ‘देव्व बंतु! देव्व बंतु!’ असें ओरडत अंगणांत धांवलें. देव आले असें समजून सूनबाईंनीं पदर सांवरून हात जोडले. पोर बिचारें ‘भूत आलें’ म्हणून सांगत होतें! एका जोडाक्षरानें देवाचें भूत होतें. पारशांच्या धर्मग्रंथांत तर जोडाक्षरहि लागत नाहीं. तेथें आमचे देवच दुष्ट शक्ति ठरले आहेत.

आतां माझ्या अपराधाविषयीं. या जुन्या माळवदी घरांत परसाकडे एक अंधारी खोली आहे. तींत धान्याचें जुनें पेंव असून त्याच्या तोंडावरची फरशी एका बाजूनें खचलेली आहे. बंद पेंवांतील कोंदलेली हवा प्राणघातक असते. पूर्वीचे लोक पेंव उघडल्यावर त्यांत बराच वेळ वारा खेळूं देत व मगच माणूस खालीं उतरवीत. दोन वर्षांपूर्वीं पुतण्याचा मुलगा पांच वर्षांचा होता. तो त्या खोलीच्या दाराशीं घुटमळतांना पाहून मीं त्याला सांगितलें, “आंत जाऊं नकोस, आंत भूत आहे.” उपाय तात्काळ लागू पडला. त्यानंतर तें पोर त्या खोलींतच काय, रात्रीं अंगणांतहि एकटें जाईना. पुण्यास देखील दिवा मालवूं देईना. आणि पुढच्या वर्षीं त्यानें मैंदर्गीस येण्याचेंच नाकारलें. वहिनी मला एका शब्दानेंहि बोलल्या नाहींत, हीच मोठी शिक्षा होती.

यंदा समजूत घालून त्याला आणलें होतें. नाताळच्या रात्रीं पुतण्यानें सोप्याच्या भिंतीवर धुतलेलें धोतर ताणून बांधलें आणि लहानशा यंत्रानें त्यावर ‘ग्रेम्लिन्स’ नांवाचा अमेरिकन चित्रपट दाखविण्याचा घाट घातला. जो डांटे यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८४ सालचा. राक्षसांचा, विनोदी, आणि ऐन नाताळांत घडणारा. आधींच भित्र्या झालेल्या मुलास हें दाखवूं नये, असें मीं निक्षून सांगितलें. पण वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तात्या विंचू पाहून हंसतो तो. आणि आपण सगळे आहोंत कीं जवळ.” तात्या विंचू म्हणजे महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ चित्रपटांतील बाहुला. या युक्तिवादापुढें माझें कांहीं चाललें नाहीं.

कथा अशी : एक गृहस्थ मुलाला नाताळची भेट द्यावी म्हणून एका चिनी वृद्धाच्या दुकानांत मोठ्या कानांचें, गोजिरवाणें, लोंकरी जनावर पाहतो. वृद्ध तें विकण्यास नकार देतो. पण घरांत पैशाची नड म्हणून त्याचा नातू तें चोरून विकतो व तीन नियम सांगतो : उजेडापासून जपा, अंगावर पाणी पडूं देऊं नका, आणि मध्यरात्रीनंतर खाऊं घालूं नका. अर्थात् तिन्हीं नियम मोडतात. पाणी सांडतांच त्या प्राण्याच्या पाठींतून नवे प्राणी उडूं लागतात. ते घड्याळाची तार कुरतडून मुलास वेळ समजूं देत नाहींत, मध्यरात्रीनंतर यथेच्छ जेवतात आणि त्यांचे खवल्यांचे राक्षस होतात. मग त्यांची संख्या वाढतच जाते आणि सारें गांव धुमाकुळांत सांपडतें.

रक्तबीज तो हाच, असें मला वाटलें. सप्तशतींतील त्या असुराच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला कीं तसाच नवा असुर उभा राही. शेवटीं कालीनें रक्त वरचेवर प्राशन केलें तेव्हां तो आटोपला. येथें कालीचें काम त्या घरची माउली स्वयंपाकघरांत करते. एका राक्षसाला ती मिक्सरमध्यें घालते, तेव्हां वहिनी उद्गारल्या, “अगबाई, झांकण नाहीं लावलें! आतां ओटा कोणी पुसायचा?” सोप्यांत जो हंशा पिकला त्यांत पुतण्याच्या इंग्रजीचें मराठी आणि शेजारच्या मुलांनीं केलेलें त्या मराठीचें कानडी, सारें वाहून गेलें. मुलाकडे पाहिलें तों तो वहिनींच्या मांडीवर पोट धरून हंसत होता.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हास्यरसाची देवता प्रमथ, म्हणजे शंकराचे ते विद्रूप भूतगण, अशी सांगितली आहे. विद्यार्थ्यांना हें मीं अनेकदां सांगितलें असेल. पण हंसण्याची देवता भुतेंच कां, हें मला त्या रात्रीं उमगलें. भय एकट्याच्या मनांत सांडलें म्हणजे रक्तबीजासारखें वाढतें. दहा माणसांत मिळून त्याला हंसलें कीं त्याचा पुढचा थेंब भूमीवर पडतच नाहीं.

शेवटीं तो चिनी वृद्ध येतो, त्या कुटुंबाची कानउघाडणी करतो आणि आपलें जनावर परत घेऊन जातो. दिवे लागल्यावर मुलगा विचारांत पडलेला दिसला. त्यानें मला विचारलें, “धाकटे आजोबा, त्या दुकानांतल्या मुलानें नियम सांगितले, मग कारणें कां नाहीं सांगितलीं?”

प्रश्न चित्रपटाविषयींचा होता. मला मात्र तो वर्मीं लागला. जें कारण दोन वाक्यांत सांगतां आलें असतें, त्याच्या ऐवजीं मीं एक भूत देऊन मोकळा झालों होतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कंदील घेऊन मीं त्याला त्या खोलीच्या दाराशीं नेलें. प्रथम त्यानें माझा हात घट्ट धरला. दुरूनच खचलेली फरशी दाखविली, पेंव म्हणजे काय, आंत हवा कशी कोंदते, पाय घसरला तर काय होईल, सारें समजावून सांगितलें. फटींतून एक खडा आंत टाकला. तळाशीं पोंचल्याचा आवाज दोघांनींहि कान देऊन ऐकला. “येथें भूत कधींच नव्हतें,” मीं म्हणालों, “मीं तुला खोटें सांगितलें होतें.” त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि दुसरा खडा मागितला. दुपारीं बंधूंनीं गवंड्यास निरोप धाडला.

त्या संध्याकाळीं दिवेलागणीस शेजारचें पोर अंगणांतून त्या खोलीकडे बोट दाखवून भिववूं लागलें. आमचे चिरंजीव एकटेच अंधारांत पुढें झाले आणि दोन्हीं भाषांत मिळून ठणकावून म्हणाले, “देव्व इल्ला, पेंव आहे!”