बिल भरणारे आणि वाचणारे

मे महिन्याचे वीजबिल हाती पडले की सोलापुरात चहाच्या टपरीपासून रिक्षा थांब्यापर्यंत एकच विषय निघतो. "तुमचं किती आलं?" या प्रश्नात चौकशी कमी आणि धीर मिळवण्याची धडपड जास्त. शेजाऱ्याचे आपल्यापेक्षा जास्त आले असेल तर जीव भांड्यात पडतो, कमी आले असेल तर मीटरवर संशय. मग कुणीतरी हमखास म्हणतो, "मुंबईवाल्यांचं बरं आहे. एक कंपनी परवडेना, की दुसरी धरायची."

खरेच बरे आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये टाटा पॉवरचा घरगुती ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य केला आणि पुढच्या वर्षापासून उपनगरांतल्या अनेकांनी रिलायन्स सोडून टाटाची वाट धरली. घरात येणारी तार मात्र बहुतेकांची जुन्याच कंपनीची राहिली. त्यामुळे ती तार वापरण्याचा वहन आकार चुकला नाही, आणि पुढे या ग्राहकांवर क्रॉस सबसिडीचा, म्हणजे स्वस्त दराच्या ग्राहकांची तूट भरून काढण्याचा, अधिभारही आला. युनिटचा दर तेवढा बघून गेलेल्यांना बिलातल्या बाकीच्या ओळी मागाहून दिसल्या.

सोलापूरची तऱ्हा वेगळी. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी एक झाले. फताटेवाडीत एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे केंद्र उभे आहे. देशाची वीज जिथे सांधली गेली, त्या गावातल्या घराला महावितरणशिवाय दुसरे दार नाही. पुष्कळांना हे सलते. मला त्याहून जास्त सलते ते बिल न वाचता भरण्याचे आपले वळण.

२०२० चा जून आठवा. लॉकडाऊनमध्ये रीडिंग थांबले होते आणि बिले हिवाळ्यातल्या वापराची सरासरी धरून येत होती. इकडे सोलापूरच्या पूर्व भागातले माग बंद, विड्यांचे काम बंद, सगळे घर घरातच आणि उन्हाने चाळिशी ओलांडलेली. पंखे, कूलर दिवसभर चालू. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले. जूनमध्ये खरे रीडिंग झाले आणि साचलेला सगळा फरक एकदम अंगावर आला. कमाई नसताना असे बिल आलेल्या माणसाला गणित सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. पण गणित तपासायला हवेच होते. एकत्र आलेले युनिट महिन्यांत वाटून स्लॅबचा फायदा दिला आहे की नाही, यावर बरेच काही अवलंबून होते.

स्लॅब हीच खरी मेख आहे. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला बराच चढा, त्यापुढे आणखी चढा. शिवाय युनिटमागे वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार, जोडीला स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून वापर दुप्पट होऊन वरच्या टप्प्यात गेला की बिल अनेकदा दुपटीवर थांबत नाही. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिट होतात, महिन्याला साठ. हे साठ युनिट स्वस्त टप्प्यात पडतात की महाग, यावर कूलरचा खरा खर्च ठरतो.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. बाजूला ३२०० हा आकडा छापलेला असेल, तर तेवढे लुकलुकणे म्हणजे एक युनिट. घरातले सगळे बंद करूनही तो लुकलुकत असेल, तर वायरिंग तपासून घ्यावे. मीटरवर रागावणे नंतरचे.

कंपनी निवडायची सोय उद्या सोलापुरातही होईल, न होईल. तोवर दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा आणि बिलावरच्या रीडिंगशी ताडून पाहा. फरक निघाला तर आधी लेखी तक्रार करा, दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे "शेजाऱ्याचं कमी आलं" हे कारण चालत नाही, तारीखवार रीडिंग चालते.