आधी दार उचला

पाळलेल्या उंदराला पिंजऱ्याच्या दारात इजा होते तेव्हा बहुतेक वेळा सापडते ती शेपटी, नाहीतर मागच्या पायाची बोटं. अंग आत गेलेलं असतं आणि आपण धरून चालतो की उंदीर आत गेला, आता दार लावायला हरकत नाही. शेपटी जवळजवळ अंगाइतकी लांब असते, हे त्या क्षणी ध्यानात राहत नाही. माझ्याही राहिलं नाही. पण आमच्या चिंगीची शेपटी जास्त गेली ती शेपटी सापडल्यावर मी जे केलं त्यामुळे. म्हणून हे लिहितो आहे.

मी तारापूर एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पॉवर प्रेसवर सुपरवायझर आहे. आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय डाय खाली येत नाही, म्हणजे हात खाली राहण्याचा प्रश्नच येऊ नये. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण असलंच पाहिजे असं १९४८ च्या कारखाना कायद्यानेच घालून दिलं होतं आणि दर ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ आम्ही सगळे रांगेत उभे राहून घेतो. नवीन पोरगा लागला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगतो, कुणाचा हात अडकला तर हात ओढायचा नाही. आधी मशीन बंद, मग दाब सोडवायचा, हात सगळ्यात शेवटी. हे सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली. घरातल्या पिंजऱ्याला मात्र यातलं काहीच लागू आहे असं मला वाटलं नव्हतं.

मुलीच्या हट्टापायी आम्ही पांढऱ्या उंदराच्या दोन माद्या आणल्या, चिंगी आणि ठमी. एकटा उंदीर झुरतो, म्हणून दोन. पिंजरा मी स्वतः निवडला, लव्हबर्डसाठी असतो तसला, कारण तो स्वस्त होता आणि गॅलरीत मावत होता. त्याचं दार वर सरकवायचं, सोडलं की आपल्या वजनाने खाली येतं. पक्ष्याला ते चालतं, पक्षी दारात शेपूट टाकून बसत नाही. उंदीर बसतो. दार उघडणार असा नुसता आवाज आला तरी दोघी उंबऱ्याशी येऊन उभ्या राहत. शिवाय आमच्या बोईसरला समुद्राची खारी हवा, त्यात उंदरांचं मूत. पावसाळा संपायच्या आत दाराच्या खाचा गंजल्या. दार मध्येच अटकायचं, जोर लावला की एकदम सुटून खट्‌कन खाली यायचं. हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. कारखान्यात असं सरकणारं गार्ड दिसलं असतं तर त्याच मिनिटाला मशीन थांबवलं असतं.

त्या संध्याकाळी पाऊस होता आणि वीज गेली होती. दोघींना आत सोडून दार लावायचं होतं. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात दार. चिंगी आत गेली, मागून ठमी बाहेर पडायला धावली, तिला अडवायच्या घाईत मी दार सोडलं. चिंगी किंचाळली. उंदीर एरवी आपल्याला ऐकू येईल असं फारसं ओरडत नाही, त्यामुळे तो आवाज अंगावर आला. टॉर्च खाली पडला. दाराबाहेर शेपटीचं टोक राहिलं होतं, ते मी चिमटीत धरलं आणि ओढलं. आतून ती ओढत होती, बाहेरून मी. टोकाकडचं कातडं मोज्यासारखं उतरून माझ्या बोटांत आलं.

उंदराच्या शेपटीची रचनाच तशी असते. आत मणक्यांची साखळी, तिच्यावर शिरा आणि रक्तवाहिन्या, आणि वरचं कातडं आतल्या भागाला सैल धरलेलं. ताण आला की ते सुटतं. जंगलात त्यामुळे जीव वाचत असेल, पण पालीसारखी ती शेपटी पुन्हा वाढत नाही. उघडा पडलेला भाग वाळतो, काळा पडतो आणि गळतो, नाहीतर डॉक्टरला कापावा लागतो. उंदराला शेपटीच्या टोकाला धरून कधीही उचलू नये असं सांगतात, ते याचसाठी. त्या दाराचा मार बसून शेपटी सुजली असती, कदाचित एखादा मणका दुखावला असता. कातडं गेलं ते ओढण्यामुळे. मोकळ्या हाताने दार वर केलं असतं तर दोन सेकंदांचं काम होतं.

पुढे चुकांवर चुका होत गेल्या. रक्त पाहून घरात धावपळ झाली, मी हळद दाबली आणि वर सुती चिंधी घट्ट गुंडाळली. हळद जखमेत चिकटून बसली, खालचा लाकडाचा भुसा तिच्यावर चिकटला. चिंधी इतकी आवळली होती की शेपटीचा चांगला राहिलेला भागही गार पडू लागला. रात्री चिंगीने ती कुरतडून काढली, तेच बरं झालं. सकाळी तिने पोळीचा तुकडा हातातून घेऊन खाल्ला, तेव्हा मी मुलीला म्हणालो, "बघ, खातेय ना, बरी आहे." आणि पहिल्या पाळीला निघून गेलो.

खाणं म्हणजे दुखत नाही, असं उंदराच्या बाबतीत धरून चालता येत नाही. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो. बघायचं ते पाठीचा बाक, फुललेले केस, अर्धवट मिटलेले डोळे. दुपारी मुलीचा फोन आला, "बाबा, चिंगीच्या डोळ्यांतून रक्त येतंय." मी पाळी संपायची वाट न बघता घरी आलो. दोन्ही डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांशी तांबूस कड वाळलेली होती. ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून लालसर रंगद्रव्य पाझरतं. एरवी उंदीर ते चाटूनपुसून टाकतो. ताण, दुखणं, आजार असला की ते जास्त येतं आणि पुसायचं त्राण त्याला राहत नाही. ओल्या कापसाने टिपलं की बोळा गुलाबी होतो. माझ्या हातात तो गुलाबी बोळा होता आणि सकाळचं माझं "बरी आहे" मला आठवत होतं.

आमच्याकडे गुरांचे डॉक्टर आहेत, कुत्र्या-मांजरांचेही मिळतात. उंदराला भूल देऊन शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर शोधत विरारच्या पलीकडे जावं लागलं. खोक्याला भोकं पाडली, खाली टिश्यू पेपर अंथरला. लोकलमध्ये पाण्याची बाटली गळते म्हणून मुलीने काकडीचे काप ठेवले, ही अक्कल तिची. मी मात्र ते पालघरलाच काढून टाकले. ऑपरेशन होणार तर पोटात काही नको, असं माणसांचं नि कुत्र्यांचं ऐकलेलं. डॉक्टर मला म्हणाल्या, "उंदराला उलटी होतच नाही. याला उपाशी ठेवायचं नसतं, उलट साखर उतरते." उमरोळीपासून विरारपर्यंतची सगळी स्टेशनं गेली, त्यातला बहुतेक वेळ एक दुखावलेला जीव मी विनाकारण उपाशी आणि तहानलेला ठेवला होता.

गॅसची भूल देऊन त्यांनी उघड्या भागाच्या थोडं वर शेपटी कापली. वेदनेवरचं औषध चिंगीचं वजन करून, सुईशिवायच्या सिरिंजने थेंब मोजून दिलं. घरातली माणसांची गोळी चुरून द्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. उंदराचं वजन ३००-४०० ग्रॅम, आपल्या गोळीचा अंदाज तिथे चालत नाही.

आता असं काही झालं तर काय करायचं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आधी दार उचलायचं, उंदराला हातही लावायचा नाही. दार सुटल्यावर त्याला जाड टॉवेलमध्ये अंगाखालून उचलायचं, कारण दुखावलेला उंदीर ओळखीच्या हातालाही चावतो. चावलाच तर साबणाने धुऊन आपणही डॉक्टरकडे जायचं. पायाचं बोट जाळीत अडकलं असेल तर आधी अंगाचं वजन तळहातावर घ्यायचं. लोंबकळत्या उंदराचं बोट त्याच्याच वजनाने मोडतं. नख तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापडाने दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. जखम धुवायला उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, अर्ध्या लिटरला सपाट चमचाभर मीठ. हळद नको, डेटॉल नको, पट्टी नको. भुसा काढून कागद अंथरायचा, वरचे मजले आणि चक्र काढून ठेवायचं. पाय टेकत नसेल, सूज चढत असेल, कातडं सरकलं असेल किंवा टोक काळं पडत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

पिंजरा मी बदलला. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून नवीन करून घेतला. दार बिजागरीचं, बाहेर उघडणारं, आपोआप कधीच न मिटणारं, कडी घातल्याशिवाय न बसणारं. दाराची खालची कड तळापासून चार बोटं वर ठेवली, म्हणजे जमिनीवर पसरलेली शेपटी दाराच्या वाटेत येत नाही. तारेची टोकं घासून कडा दुमडून घेतल्या. त्यांवर प्लॅस्टिकची नळी चढवायचा विचार होता, पण उंदीर ती कुरतडून गिळतात, म्हणून पत्र्याची पट्टी. तो गृहस्थ आधी विचारत होता, उंदरासाठी एवढं कशाला? चिंगीची आखूड शेपटी दाखवल्यावर त्याने स्वतःहून कडीला दुसरा अटकाव लावून दिला.

दार लावायच्या आधी आम्ही मागच्या कोपऱ्यात भाजलेल्या शेंगा टाकतो. दोघी तिकडे धावतात, दोन्ही शेपट्या दिसतात, मग दोन्ही हातांनी दार. वीज गेली असेल तर ती येईपर्यंत पिंजऱ्याला हात लावत नाही.

चिंगी आता दोरीवरून पूर्वीसारखी धावत नाही, वळताना घसरते, म्हणून दोऱ्या खाली बांधल्या आहेत. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीवाटे बाहेर टाकतो. शेपटीच आखूड झाल्यावर मे महिन्यात आमच्याकडच्या दमट उकाड्यात तिला जड जाणार हे उघड होतं, म्हणून पिंजऱ्यात फरशीचा एक तुकडा ठेवला आहे. दुपारी ठमी तिला तिथे जागा करून देते. नव्या पिंजऱ्याला खाचा नाहीत, पण तारा आहेत आणि हवा तीच आहे. दर महिन्याला बिजागऱ्यांना गंज चढलाय का ते बघणं मी कारखान्यातल्या तपासणीच्या वहीतच लिहून ठेवलं आहे, प्रेसच्या गार्डच्या खालच्या ओळीत.