पगार हवा, बलुतं नको

‘दादा, ज्याचं काम चांगलं त्याला पैसे जास्त, यात चुकीचं काय आहे?’

14 एप्रिलच्या कार्यक्रमानंतर आपल्याच वस्तीतल्या एका तरुणाने मला हा प्रश्न विचारला. इंजिनिअर झालेला, चांगल्या खासगी कंपनीत लागलेला मुलगा. मी कंत्राटी कामगारांच्या वेतनावर बोललो होतो आणि त्याला ते जुन्या युनियनवाल्यांचं रडगाणं वाटलं असावं. मी तेव्हा त्याला अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं अर्धं सांगायला मला लाज वाटली, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आज लिहितो.

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय हे माझं काम. पुढे त्याच विभागाचा प्रमुख झालो. 2015 साली कंपनीने स्टाफसाठी नवी वेतनवाढ पद्धत आणली. आधी श्रेणीनुसार ठरलेली वाढ मिळायची. आता प्रत्येकाला ए, बी, सी किंवा डी दर्जा मिळणार आणि वाढ त्यानुसार ठरणार. शंभरपैकी चाळीस गुण कामाच्या मोजमापाला आणि साठ गुण ‘वर्तणूक, सहकार्य, पुढाकार, शिस्त’ यांना. हे साठ गुण विभागप्रमुखाच्या हातात. शिवाय एक सक्ती होती, प्रत्येक विभागात दहा टक्के माणसं डी दर्जात बसलीच पाहिजेत. याला ‘बेल कर्व्ह’ म्हणतात, म्हणजे घंटेच्या आकाराचा आलेख. थोडे वर, थोडे खाली, बाकीचे मध्ये. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने ही रीत गाजवली आणि मायक्रोसॉफ्टने ती 2013 मध्ये सोडून दिली. त्यांनी टाकून दिलेलं आमच्याकडे दोन वर्षांनी नवं म्हणून आलं.

माझ्या विभागात दहा माणसं होती, म्हणजे एक डी ठरलेला. खरं सांगायचं तर दहापैकी एकही माणूस डीच्या लायकीचा नव्हता. पण रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत येत होता.

मी तो डी कुणाला दिला? रेकॉर्ड सांभाळणाऱ्या आमच्याच एका मुलाला. आपल्याच समाजाचा, माझ्यापेक्षा लहान. कार्ड फाइलिंगमध्ये त्याची एक चूक सापडत नसे. त्यालाच का? कारण तो डी एखाद्या वरच्या जातीच्या क्लार्कला दिला असता तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चर्चा झाली असती की ‘हा स्वतःच्या माणसांना सांभाळतो’. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. आणि दुसरं कारण त्याहून वाईट आहे. तो भांडणार नाही, हे मला माहीत होतं.

पत्रं वाटली त्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला. एरवी मला ‘दादा’ म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, ‘साहेब, माझं काय चुकलं तेवढं सांगा. पुढच्या वर्षी सुधारीन.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘वरून आलंय रे’ असं काहीतरी पुटपुटलो. घरी जाताना बसमध्ये मला माझी आजी आठवली.

आजोबांकडे गावात महारकी होती. येसकरपाळी आली की दिवस-रात्र गावाची चाकरी. सांगावे पोचवायचे, सरकारी साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात सुगीला खळ्यावर बलुतं मिळे. आजी सांगायची, एका वर्षी पोर तापाने फणफणलं म्हणून आजोबांनी रात्रीचा सांगावा न्यायला नकार दिला. त्या वर्षी त्या घरच्या खळ्यावर त्यांना धान्याऐवजी मातेरं मिळालं. मातीत मिसळलेलं, झाडून गोळा केलेलं. आजोबा तिथेही हात जोडून हेच विचारत उभे राहिले होते, मायबाप, माझं काय चुकलं?

आपल्याला बलुत्याची आठवण येते ती गरिबीची खूण म्हणून. पण बलुत्यातला खरा अन्याय केवळ कमी मिळण्याचा नव्हता. किती काम करायचं, हे लिहिलेलं नव्हतं. किती मिळणार, हेही लिहिलेलं नव्हतं. दोन्ही गोष्टी देणाऱ्याच्या मर्जीवर होत्या. म्हणूनच माणूस कामात चांगला असून भागत नसे, त्याला नम्रही दिसावं लागे. बलुतं हा कामाचा मोबदला नव्हता. तो वाकण्याचा मोबदला होता.

बाबासाहेबांनी नेमक्या याच जागी बोट ठेवलं होतं. 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. महार हा सरकारचं काम करणारा नोकर आहे, मग त्याने पोटासाठी रयतेच्या दारात का उभं राहावं, असा त्यांचा रोख होता. बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत व्हावं, ती सरकारने वसूल करून द्यावी आणि कामं ठरवून दिलेली असावीत, असं ते मागत होते. ते विधेयक त्यांना शेवटी मागे घ्यावं लागलं. ही वतनं कायद्याने संपायला 1958 चा कायदा यावा लागला. पण मागणीचा गाभा पाहा. नुसतं ‘जास्त द्या’ असं बाबासाहेब म्हणत नव्हते. ते म्हणत होते, ठरवून द्या, हक्काने द्या, कुणाच्या मर्जीने देऊ नका. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना किमान वेतनाचं विधेयक आणि आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती, यांमागेही हाच विचार दिसतो. वेतन आणि वेळ दोन्हींना कायद्याची रेघ मारायची, म्हणजे मालकाच्या मूडला जागा उरत नाही.

आता माझ्या फॉर्ममधले ते साठ गुण पुन्हा बघा. ‘वर्तणूक’, ‘सहकार्य’. काय मोजायचं, कसं मोजायचं, कुठे लिहिलेलं नाही. हे खळंच झालं. फक्त खळ्याच्या मालकाच्या जागी मी बसलो होतो.

भाषा तपासली तरी हे कळतं. बोनसचा कायदा 1965 मध्ये आला. कायद्यात बसणाऱ्या कामगाराला किमान 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के बोनस मिळतो आणि तो हक्क आहे. पण दिवाळी आली की आपल्याकडचे शब्द ऐका. ‘दिवाळी भेट’, ‘बक्षिसी’, ‘सानुग्रह अनुदान’. सानुग्रह म्हणजे कृपेसह. महानगरपालिकांच्या कागदावर आजही हाच शब्द छापला जातो. वर्षभर शहराची घाण उपसणाऱ्या माणसाला वर्षाअखेरी जे मिळतं ती कृपा का असावी?

आता त्या तरुणाचा प्रश्न. ‘मग आळशी आणि कष्टाळू दोघांना सारखंच द्यायचं का?’ नाही. आंबेडकरवाद असं सांगत नाही. कौशल्य, जोखीम, जबाबदारी, अनुभव यांचा फरक पगारात दिसलाच पाहिजे. पण तो फरक कशासाठी, हे आधी जाहीर झालं पाहिजे. मोजता येईल तेच मोजलं पाहिजे. आणि ‘मला कमी का?’ असं विचारल्यावर लेखी उत्तर मिळालं पाहिजे. ज्या पगारपद्धतीत या प्रश्नाला लेखी उत्तर नाही ती कितीही आधुनिक सॉफ्टवेअरवर चालत असली तरी बलुतंच आहे.

‘गुणवत्ता’ हा शब्द तर आपल्या तोंडावर रोज मारला जातो. आरक्षण आलं की गुणवत्ता बुडते म्हणणाऱ्यांनी एकदा बंद खोलीतल्या अप्रेझलच्या बैठकीला बसावं. मी बसलो आहे. ‘मुलगा चांगला आहे, घरचे ओळखीचे आहेत’ हे वाक्य गुणवत्तेच्या रकान्यात कसं उतरतं, ते मी पाहिलं आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी रजा घेणाऱ्याच्या नावापुढे ‘बांधिलकी कमी’ असा शेरा वाचला आहे. गणपतीच्या रजांवर असा शेरा मला एकदाही दिसला नाही.

बरं, याने कामाचा हुरूप तरी वाढला का? पुढे हीच पद्धत शॉपवर लावली. वर्षभरात जुने सेटर नव्या पोरांना मशीन शिकवेनासे झाले. शिकवलं तर तोच आपल्या वर जाईल आणि आपण डीमध्ये पडू, ही भीती. रिजेक्ट माल लपवला जाऊ लागला. जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणारे डेमिंग वार्षिक मूल्यमापनाच्या या रीतीला उद्योगाचा जीवघेणा रोग म्हणत. माल सगळे मिळून बनवतात. त्यातला एकेकाचा वाटा वेगळा काढून माणसांना एकमेकांविरुद्ध उभं केलं तर कारखानाच आजारी पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. एका कामाला एक दर लावला म्हणजे न्याय झाला, असंही नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणकामाचा पगार जास्त होता. पण त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. कमी पगाराच्या खात्यात आपली माणसं भरलेली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला. दरपत्रक समान होतं, दार मात्र बंद होतं. आज ते दार कंत्राटाच्या रूपात बंद आहे. कायम सफाई कामगार आणि ठेकेदाराचा सफाई कामगार एकाच रस्त्यावर एकच झाडू मारतात, पण पगार वेगळा. संविधानाच्या कलम 39 मध्ये समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. 1982 मध्ये रणधीर सिंग या दिल्ली पोलिसातल्या ड्रायव्हरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. 2016 मध्ये जगजित सिंग खटल्यात तेच काम करणाऱ्या हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांनाही कायम वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे, असं सांगितलं. निकाल आहेत. ते पगारपत्रकापर्यंत उतरवायला मात्र संघटना लागते.

पुन्हा माझ्या चुकीकडे येतो. त्या एका डीमुळे त्या मुलाची वाढ इतरांपेक्षा महिन्याला 600 रुपयांनी कमी झाली. ‘एका वर्षाचा तर प्रश्न आहे’, असं मी स्वतःला समजावलं होतं. मग टाइम ऑफिसच्या माणसाने करायला हवा होता तो हिशेब उशिरा केला. तेव्हा त्याच्या निवृत्तीला वीस वर्षं होती. मूळ पगारात 600 कमी म्हणजे वीस वर्षांत 1,44,000 रुपये. कंपनीच्या 12 टक्के पीएफचे आणखी 17,280. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, तीही कमी. पुढच्या वाढी टक्क्याने मिळाल्या तर हा खड्डा दर वर्षी मोठा होत जाणार. एक चुकीचा शेरा माणसाच्या म्हातारपणापर्यंत पोचतो.

पुढच्या वर्षी मी व्यवस्थापनाला लेखी पत्र दिलं. डीची सक्ती काढा. वर्तणुकीचे गुण वीसवर आणा. कमी गुणांचं कारण लिहून द्या. अपिलाची सोय करा. आणि एकच काम करणाऱ्या ठेक्याच्या माणसांना हेच दर लावा. दोन वर्षांच्या खेपांनंतर सक्ती गेली आणि लेखी कारण द्यायची पद्धत आली. अपिलाची समिती कागदावर राहिली. ठेक्याच्या माणसांचा मुद्दा मीटिंगच्या इतिवृत्तातही आला नाही. त्या मुलाचे 600 रुपये तर परत आलेच नाहीत. मागचं उकरता येत नाही, म्हणाले.

मी त्याला खरं काय ते सांगितलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं, मी भित्रेपणा केला, असं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हे तेव्हाच सांगितलं असतं तर वर्षभर मी स्वतःलाच शोधत बसलो नसतो.’

म्हणून आपल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. तुमच्या हातात पत्र येईल तेव्हा आकड्याबरोबर त्याचं कारणही मागा, तेही लेखी मागा. आणि उद्या तुम्ही कुणाचे साहेब झालात, आपण होणारच आहोत, तर ज्याचं उत्तर तुम्ही त्या माणसाच्या डोळ्यात बघून देऊ शकत नाही असा एकही आकडा कुणाच्या नावापुढे लिहू नका. खळ्याबाहेर पडायला आपल्या तीन पिढ्या गेल्या आहेत. आपण खुर्चीवर बसून नवं खळं मांडायचं नाही.

जय भीम!